बंद पडलेल्या लॅपटॉपमधून फाइली काढायला लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह: माझा अनुभव

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. लॅपटॉप सुरू होत नाही आणि आत फोटो, कागदपत्रं, हिशेब अडकलेत, अशा वेळी कुणालाही ‘फॉरमॅट मारा’ म्हणून सांगण्याआधी लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह लावून बघा. मिंट ही विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली, आणि ती फुकट आहे. खर्च होतो तो फक्त पेनड्राइव्हचा. फाइली बाहेर काढायच्या कामात त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही मला मिळालेलं नाही. मी सांगलीत डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, यात्रेची हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल असलं सगळं. संगणक दुरुस्ती हा माझा धंदा नाही, तरी हे मला जमतं. म्हणूनच लिहितेय.

मिंटशी माझी खरी ओळख झाली ती मामांच्या लॅपटॉपमुळे. मामांची तासगावकडे द्राक्षबाग आहे. बागेची प्रत्येक नोंद ते स्वतः ठेवतात: खरड छाटणी कधी झाली, फळछाटणी कधी, कुठल्या तारखेला कुठलं औषध, लिटरला किती, त्या दिवशी पाऊस होता की नुसतं ढगाळ. डाऊनी हा रोग आला की पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, भुरी आली की घडाचे. आधी हे वहीत असायचं, मग मीच त्यांना लॅपटॉपवर टाइप करायला शिकवलं. निर्यातीचा माल असला की फवारणीच्या नोंदीला फार महत्त्व. अपेडा या शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट यंत्रणेत बागेची नोंद असते, द्राक्षात औषधाचा अंश किती उरला याची तपासणी होते, आणि शेवटची फवारणी काढणीच्या किती दिवस आधी झाली हे विचारलं जातं. शिवाय त्यांच्या लॅपटॉपमध्ये सात-बाराच्या प्रती, बेदाण्याचे हिशेब, आणि माझ्या आजीचे शेवटच्या वर्षांतले फोटो. दुसरीकडे कुठे काही नाही.

ऐन हंगामात एका संध्याकाळी अपडेट चालू असताना गावात वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, तो नुसत्या चार्जरवर चालायचा. त्यानंतर कंपनीचं चिन्ह दिसायचं, खाली ठिपके गोल फिरायचे, ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ची निळी पाटी यायची आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. तालुक्याच्या गावात एका दुकानात दाखवलं तर सांगण्यात आलं, विंडोज उडालंय, फॉरमॅट मारू, डेटाची गॅरंटी नाही. मामा लॅपटॉप पिशवीत घालून तसेच एसटीनं माझ्याकडे आले. दारातूनच म्हणाले, “बाई, माझ्या नोंदी हायत का गेल्या, तेवढं सांग. लॅपटॉप गेला तर गेला.”

विंडोज सुरू न होणं आणि फाइली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही. विंडोज म्हणजे यंत्र चालवणारा कार्यक्रम. फाइली हार्डडिस्कवर किंवा एसएसडीवर (आत फिरणारी चकती नसलेली डिस्क) असतात, आणि विंडोजच्या दोन-चार फाइली अर्धवट लिहिल्या गेल्या म्हणून शेजारच्या फोल्डरमधले फोटो जात नाहीत. मामांना हे समजावलं तेव्हा ते लगेच म्हणाले, “म्हंजे मोटर जळली म्हणून हिरीचं पाणी आटत न्हाई.” अगदी तेच. आता पाणी काढायला दुसरी मोटर हवी. मिंटचा पेनड्राइव्ह ती दुसरी मोटर आहे.

लिनक्स मिंट ही विंडोजसारखीच एक संपूर्ण कार्यप्रणाली. २००६पासून निघते, उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर आधारलेली आहे. तिची २२ क्रमांकाची आवृत्ती २०२४च्या जुलैमध्ये आली आणि तिला २०२९पर्यंत सुधारणा मिळत राहणार आहेत. आपल्या कामाचा गुण असा की ती लॅपटॉपमध्ये न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालते. चालताना ती रॅममध्ये राहते, आतल्या डिस्कला आपण सांगितल्याशिवाय हात लावत नाही. लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह काढला की डिस्कवर मागे काही उरत नाही.

पेनड्राइव्ह तयार करायला दुसरा चालू संगणक लागतो. मिंटच्या संकेतस्थळावरून साधारण तीन जीबीची आयएसओ फाइल उतरवायची आणि रूफस नावाच्या छोट्या, फुकट कार्यक्रमानं ती पेनड्राइव्हवर लिहायची. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. लिहिताना पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून त्यावर काही ठेवू नका. आठ जीबीचा पुरतो, सोळाचा घ्या. पण यूएसबी ३चा घ्या. जुन्या यूएसबी २च्या पेनड्राइव्हवरून मिंट चालतं, पण प्रत्येक खिडकी उघडायला इतका वेळ लागतो की माणसाला वाटतं हेही बंद पडलं.

यानंतरची पायरी लोकांना सगळ्यांत अवघड जाते, आणि हिच्यापाशीच बरेच जण सोडून देतात. लॅपटॉपला सांगावं लागतं की आतल्या डिस्कवरून सुरू होऊ नकोस, पेनड्राइव्हवरून हो. त्यासाठी बटण दाबल्या दाबल्या एक कळ पुन्हा पुन्हा दाबायची, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं याची यादी येते. डेल आणि लेनोवोच्या बहुतेक लॅपटॉपवर ती एफ-१२ असते. एचपीवर एस्केप दाबून मग एफ-९. असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ-१२च, पण पुष्कळदा आधी एफ-२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या, लॅपटॉपच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन तो पर्याय चालू करावा लागतो. लेनोवोच्या काही लॅपटॉपला बाजूला सुईएवढं भोक असतं, त्यात पिन खुपसली की येणाऱ्या मेनूतून हीच यादी उघडता येते. ज्या लॅपटॉपवर एफ-कळांना आवाज आणि उजेड कमी-जास्त करायची कामं दिलेली असतात, तिथे एफएन कळ सोबत दाबून बघा. यादीत पेनड्राइव्हचं नाव दिसलं की ते निवडायचं. मिंटला सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी लॅपटॉपची सोय) सहसा आडवं येत नाही, ते बंद करण्याची घाई करू नका.

थोड्या वेळानं मिंटचा डेस्कटॉप समोर येतो. पासवर्ड विचारत नाही. डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ असं चिन्ह असतं, त्याला अजिबात हात लावायचा नाही. ते मिंट कायमचं बसवण्यासाठी आहे, आणि चुकीचा पर्याय निवडला तर आतली डिस्क पुसू शकतं. ज्यांच्या हाती तुम्ही हा पेनड्राइव्ह देणार असाल त्यांना ही एक गोष्ट बजावून सांगा. मी तर आमच्याकडच्या पेनड्राइव्हला चिठ्ठीच चिकटवली आहे: ‘इन्स्टॉल दाबू नये’.

मामांच्या लॅपटॉपवर फाइलींची खिडकी उघडली, डावीकडे आतल्या डिस्कचं नाव दिसलं, त्यावर क्लिक केलं आणि ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये मामांच्या नावाचं फोल्डर. आत डेस्कटॉप, आत ‘बाग’. वर्षवार फोल्डर, मराठीतली नावं जशीच्या तशी, एक अक्षरही तुटलेलं नाही. ‘भुरी करपा फोटो’, ‘ऑक्टोबर छाटणी’, ‘आई’. मामा माझ्या खांद्यावरून बघत होते. “हे उघडतंय का बघ,” म्हणाले. ‘आई’ उघडलं. आजी शेडमध्ये बसून बेदाणा निवडतेय. मामा खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ एकेक फोटो बघत राहिले. मी कॉपी करायची थांबले.

प्रत्येक वेळी इतकं सहज होत नाही. विंडोजची ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय असते. ती चालू असली की शटडाऊन केल्यावरही विंडोज पूर्ण झोपत नाही, डिस्क अर्धी हातात धरून ठेवते. मिंट अशी डिस्क कधी फक्त वाचण्यापुरती उघडतं, कधी उघडायलाच नकार देतं. ‘फक्त वाचण्यापुरती’ असं आलं तर घाबरू नका, आपल्याला वाचायचंच आहे. नकार दिला तर ‘फक्त वाचा’ या स्वरूपात ती जोडण्याची एका ओळीची आज्ञा टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत) द्यावी लागते. माहितगार माणसाला फोन करून ती विचारून घ्या. या टप्प्यावर दुरुस्तीचा कुठलाही पर्याय चालवायचा नाही. आधी फाइली बाहेर, मग दुरुस्ती. आजारी डिस्कवर काहीही लिहिलं की जे शाबूत आहे त्यावरच घाव पडू शकतो.

काय काय कॉपी करायचं हे मी जरा सविस्तर सांगते, कारण दुकानवाले चांगल्या मनानं डेटा काढून देतात तेव्हाही इथेच राहून जातं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे सगळ्यांना माहीत असतं. माझा आग्रह असा की जागा असेल तर तुमच्या नावाचं अख्खं फोल्डरच उचला. त्यात ‘ॲपडेटा’ नावाचं एक फोल्डर असतं. ते विंडोजमध्ये लपलेलं असतं, मिंटमध्ये उघड दिसतं. ब्राउझरच्या खुणा, स्टिकी नोट्समध्ये लिहिलेल्या चिठ्ठ्या, मेलच्या जुन्या फाइली अशा कितीतरी गोष्टी त्यात असतात. कित्येकांचे बँकेतले खातेक्रमांक आणि गॅस एजन्सीचे नंबर त्या पिवळ्या चिठ्ठ्यांवरच असतात. मग ‘सी’ उघडून नुसतं चाळा. लोक तिथे ‘नवीन फोल्डर’ करून काय काय ठेवतात. डिस्कचा ‘डी’ भाग असेल तर तोही. वनड्राइव्ह वापरत असाल तर त्याच्या फोल्डरमध्ये काही फाइली नुसत्या नावापुरत्या असतात, खरी फाइल इंटरनेटवर असते. त्या कॉपी होत नाहीत. त्या नंतर खात्यात जाऊन उतरवाव्या लागतात.

आणि फॉन्ट. हे मी डीटीपीवाली म्हणून ओरडून सांगते. मराठीत ज्यांनी श्रीलिपी, आकृती, एपीएस असल्या जुन्या फॉन्टांत टाइप केलंय, त्यांच्या फाइलीत ‘द्राक्ष’ हा शब्द ‘द्राक्ष’ म्हणून साठवलेलाच नसतो. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, वर फॉन्टचा मुखवटा असतो. फाइल शाबूत राहिली आणि फॉन्ट गेला तर समोर नुसती गिचमीड येते. मामांच्या सुरुवातीच्या काही वर्षांच्या नोंदी अशाच आहेत, कारण तेव्हा माझ्या दुकानात तेच फॉन्ट होते आणि मी तेच त्यांना बसवून दिले होते. म्हणून विंडोजच्या फोल्डरमधलं ‘फॉन्ट्स’ हे फोल्डर पूर्ण कॉपी करा. विंडोज १० आणि ११मध्ये एखाद्यानं फक्त स्वतःपुरता फॉन्ट बसवला असेल तर तो तिथे नसतो, ‘ॲपडेटा’च्या आत खोल मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरमध्ये असतो. अख्खं नावाचं फोल्डर उचलायला सांगते त्यामागचं हे आणखी एक कारण. वतनदारीचे कागद, घराण्याची वंशावळ, कवितांची हस्तलिखितं, दिवाळी अंकांचे जुने मजकूर, गावोगावच्या शाळांच्या स्मरणिका, किती काय काय या फॉन्टांत अडकलेलं आहे. फाइल मिळाली म्हणून आनंद करायचा आणि उघडल्यावर ती वाचता येऊ नये, हे दुःख मी ग्राहकांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

कॉपी कशावर करायची, तर बाहेरच्या हार्डडिस्कवर. मिंटच्या पेनड्राइव्हवर नाही. दुसरा पेनड्राइव्ह घेतला तर तो एफएटी-३२ पद्धतीचा आहे का बघा. असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जात नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ सहसा त्याहून मोठाच असतो. एक्सफॅट केलेला घ्या. आणखी एक गोष्ट, जी मिंटमध्ये पाळलीच पाहिजे: कॉपीची पट्टी पूर्ण झाली म्हणून लगेच डिस्क उपटू नका. मिंट बरंचसं आधी रॅममध्ये घेतं आणि मागाहून लिहितं. खिडकीत डिस्कच्या नावापुढचं बाहेर काढण्याचं चिन्ह दाबा आणि ‘आता काढा’ असं सांगेपर्यंत थांबा. पेनड्राइव्ह मंद असेल तर हे थांबणं बरंच लांबतं. मग ती डिस्क चालू संगणकाला लावून दहा-बारा फाइली प्रत्यक्ष उघडून बघा, नुसती नावं बघून समाधान मानू नका.

मामांच्या डिस्कला काही झालेलं नव्हतं. मिरजेच्या एका फोटोग्राफर ग्राहकाची गोष्ट वेगळी. त्याची आत चकती फिरणारी हार्डडिस्क होती, एका टीबीची, आणि कॉपी ठरावीक ठिकाणी आली की अडकायची. मिंटमध्ये ‘डिस्क्स’ नावाचं साधन आधीपासून असतं. त्यात डिस्कची प्रकृती दिसते, तिला स्मार्ट म्हणतात. वाचता न आलेले आणि बदलीच्या प्रतीक्षेतले तुकडे तिथे आकड्यात दिसतात. तो आकडा शून्यापेक्षा जास्त असेल, आणि वाढत असेल, तर फाइल-फाइल ओढत बसू नये. अडकलेल्या जागी डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि जे थोडं आयुष्य उरलंय तेही तिथेच खर्चते.

त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हा कार्यक्रम आहे. हाही फुकट, २००४पासूनचा. त्याची पद्धत मला फार आवडते. तो आधी डिस्कचे सोपे, धडधाकट भाग भराभर कॉपी करून घेतो, अडचणीच्या जागा नोंदवून पुढे जातो, आणि शेवटी त्या जागांकडे परत येऊन कडेकडेनं खरवडतो. काय झालं, काय राहिलं याची नोंद एका वेगळ्या फाइलीत ठेवतो, म्हणजे मध्ये वीज गेली तरी पुन्हा तिथूनच सुरुवात. बागेत घड काढताना मामा आधी निरोगी वेलींचा माल काढून घेतात आणि रोगट ओळींकडे नंतर जातात, ते मला आठवलं. फोटोग्राफरची डिस्क रात्रभर चालू ठेवली. सकाळी बहुतेक सगळं हातात होतं. काही फोटोंचा खालचा अर्धा भाग करडा होता, ते गेलेच. त्याच्यासाठी महत्त्वाची एका बारशाची मालिका पूर्ण निघाली.

पण हे मिंटमध्ये आधीपासून नसतं, इंटरनेट जोडून घ्यावं लागतं, आणि काळ्या खिडकीत आज्ञा टाइप कराव्या लागतात. कुठली डिस्क आजारी आणि कुठली रिकामी हे उलटं सांगितलं तर रिकामी डिस्क आजारीवर लिहिली जाईल आणि सगळंच संपेल. ज्याला याची भीती वाटते त्यानं ते करू नये, जाणकाराला शेजारी बसवावं. कॉपी घ्यायला आजारी डिस्कएवढीच किंवा तिच्याहून मोठी डिस्क लागते हेही ध्यानात ठेवा.

फोटोरेक म्हणून आणखी एक आहे. पुसल्या गेलेल्या किंवा फॉरमॅट झालेल्या डिस्कवरून तो फाइली शोधतो, प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीची ओळखीची खूण बघून. फोटोंसाठी उत्तम. पण फाइलींची मूळ नावं आणि फोल्डर परत मिळत नाहीत, हजारो फाइली आकड्यांच्या नावांनी एका जागी येऊन पडतात आणि त्या निवडत बसणं हे मोठं काम होऊन बसतं. शिवाय एसएसडीवर ‘ट्रिम’ (पुसलेल्या जागा मोकळ्या करून टाकण्याची सोय) चालू असलं की पुसलेलं लवकरच खरोखर जातं. म्हणून तर मी म्हणते, फॉरमॅटच्या आधी. नव्या लॅपटॉपमध्ये बहुतेक एसएसडीच असते. दुकानात घाईनं फॉरमॅट मारला, त्यावर नवीन विंडोज टाकलं आणि मग माझ्याकडे आलात, तर मला हात जोडावे लागतात.

नव्या लॅपटॉपची दुसरी मोठी भिंत म्हणजे बिटलॉकर. माझा मावसभाऊ पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. त्याचा लॅपटॉप अडला तेव्हा मिंट सुरू झालं, डिस्क दिसली, क्लिक केल्यावर तिनं कुलपाची किल्ली मागितली. डिस्कवरचं सगळं कूटरूपात साठवलेलं असतं आणि ४८ अंकी रिकव्हरी कीशिवाय ते उघडत नाही. मिंटही त्याला अपवाद नाही, आणि नसावंच. चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधले आपले फोटो कुणाला दिसू नयेत म्हणूनच ती सोय आहे. विंडोज ११ची २०२४मधली २४एच२ आवृत्ती नव्यानं बसवून मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागतं. मालकाला पत्ताही नसतो. ती की त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, फोनवरून लॉगिन करून बघता येते. घोळ इथे होतो: लॅपटॉप घेताना ‘ईमेल नाही’ म्हटलं की विकणारा मुलगा तिथल्या तिथे एखादं खातं उघडून देतो, आणि पुढे त्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. मावसभावाचं खातं मावशीच्या यजमानांच्या फोन नंबरला जोडलेलं निघालं, म्हणून सुटलं. ४८ आकडे मिंटमध्ये टाकले आणि डिस्क उघडली. तुमचा लॅपटॉप आज चालू असेल तर आजच ती की शोधा आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा. फक्त लॅपटॉपमध्येच ठेवू नका.

काही लॅपटॉपमध्ये मिंटला आतली एसएसडी दिसतच नाही. इंटेलच्या आरएसटी नावाच्या जोडणीमुळे असं होऊ शकतं. बायोसमध्ये ती बदलता येते, पण नंतर विंडोज सुरू करायच्या आधी ती परत होती तशी करावी लागते. जुनी जोडणी काय होती याचा फोनवर फोटो काढून मगच बदला. मिंट वापरून झाल्यावर विंडोजचं घड्याळ कधीकधी साडेपाच तास मागे गेलेलं दिसतं. तो बिघाड नाही, मिंट घड्याळात जागतिक वेळ लिहून जातं. वेळ नीट केली की झालं.

लॅपटॉपला दिवाच लागत नसेल, मदरबोर्डच गेला असेल, तर पेनड्राइव्ह कसा चालणार? तिथे डिस्क बाहेर काढून यूएसबी केसिंगमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला लावायची. अडीच इंची साटा डिस्कचं केसिंग वेगळं, एम-डॉट-टू एनव्हीएमईचं वेगळं, घेताना डिस्क सोबत नेऊन दाखवा. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डलाच झाळलेली असते. तिथे हा मार्ग बंद.

हार्डडिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर कृपा करून काहीही करू नका, मिंटही नको. आतला वाचणारा हेड निकामी झालेला असण्याची शक्यता असते आणि प्रत्येक वेळी चालू केल्यावर तो चकतीवर ओरखडे पाडू शकतो. लॅपटॉप बंद करा, डिस्क काढून धूळविरहित खोली असलेल्या डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या. खर्च मोठा असतो, आधी अंदाज लेखी मागा. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला अजूनही कुणी ना कुणी देतो. तो ऐकू नका. आत दव धरतं आणि वाचण्यासारखं होतं तेही जातं.

मिंटबद्दल माझ्या तक्रारी थोड्या आहेत, पण आहेत. पेनड्राइव्हवरून सुरू होतं तेव्हा सगळं इंग्रजीत असतं. मामांसारख्या माणसाला ते एकट्यानं जमणार नाही, शेजारी कुणी लागतंच. गावाकडच्या माणसाच्या हाती द्यायचं तर सुरुवातीच्या पडद्यावर ‘फाइली वाचवा’ असं एक मोठं चिन्ह असायला हवं होतं. काही लॅपटॉपचं वायफाय मिंटमध्ये चालत नाही. तेव्हा मी फोन यूएसबीनं जोडून त्याचं इंटरनेट देते, ते चालतं.

तरीही कुणी विचारलं की मी हेच देते. गेल्या दिवाळीत भावाबहिणींना मी तयार केलेला एकेक पेनड्राइव्ह दिला. मामांच्या लॅपटॉपला नवीन बॅटरी आणि नव्यानं विंडोज बसवून दिलंय, नोंदी बाहेरच्या डिस्कवर आहेत आणि तिची दुसरी प्रत माझ्याकडे. त्या वर्षी तपासणीच्या वेळी फवारणीची यादी त्यांनी छापूनच नेली.

मिंटच्या तीन आवृत्त्यांपैकी कुठली घ्यावी असं विचारतात म्हणून सांगते. आठ जीबी रॅम असेल तर सिनॅमन घ्या, दिसायला विंडोजच्या जवळची आहे, नवख्याला बरी पडते. चार जीबी किंवा त्याहून कमी रॅमचा जुना लॅपटॉप असेल तर एक्सएफसीई घ्या, ती हलकी आहे. दोन जीबीवरही रडतखडत चालते, तेवढ्या वेळात ब्राउझर मात्र उघडू नका. आणि लॅपटॉप इतका जुना असेल की त्याचा प्रोसेसर ३२-बिटचा आहे, तर २०२०पासूनचं नेहमीचं मिंट त्यावर चालणार नाही. त्याची डिस्क काढून केसिंगमध्ये घाला.